आधी निवळ, मग क्लोरिन

प्रस्तावना

"क्लोरिनच्या पाण्यानं कॅन्सर होते म्हणते, खरं आहे का भाऊ?" भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पाणी शुद्धीकरणाचा विषय काढा, हा प्रश्न आता हमखास येतो. विचारणारा बहुधा तरुण असतो, हातात मोबाइल असतो आणि त्यात कुणीतरी पुढे ढकललेला व्हिडिओ. जलसुरक्षक गप्प राहतो, कारण पावडर किती टाकायची एवढेच त्याला शिकवलेले असते. टाकल्यावर पाण्यात काय घडते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आरोग्यसेविका 'असं काही नसतं' म्हणून विषय मिटवते. दोघांचीही अडचण समजण्यासारखी आहे, पण 'असं काही नसतं' हे उत्तर चूक आहे. असते. किती असते, कशामुळे असते आणि घरातल्या गुंडात, माठात, छतावरच्या काळ्या टाकीत ते वाढते की घटते, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

गोष्ट १९७४ सालची. रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहान्स रूक यांना असे दिसले की नदीच्या कच्च्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरिन दिल्यानंतरच्या पाण्यात सापडतो. बाहेरून तो कुणी मिसळलेला नव्हता. शुद्धीकरणातच तो तयार होत होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले. दोन वर्षांनी क्लोरोफॉर्मच्या मोठ्या मात्रा दिलेल्या उंदीर-घुशींना गाठी झाल्याचा अहवाल आला आणि १९७९ मध्ये अमेरिकेने अशा चार संयुगांच्या एकत्रित प्रमाणावर लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमीनवाली तीन भावंडे यांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. पुढे हॅलोअॅसेटिक आम्ले सापडली, आणि आज निर्जंतुकीकरणाच्या अशा उपउत्पादनांची मोजदाद ६०० च्या वर गेली आहे.

ती तयार होतात कशातून, हा या पुस्तिकेचा गाभा आहे. एकट्या क्लोरिनमधून ती होत नाहीत. पाने, तणस, शेवाळ, शेण, पाण्यातल्या वनस्पती हे सगळे कुजून जे काही पाण्यात विरघळते, ज्याने पावसाळ्यातल्या पाण्याला फिकट तपकिरी छटा येते, त्या सेंद्रिय द्रव्याशी क्लोरिन भिडतो तेव्हा ही संयुगे बनतात. दोन्ही असल्याशिवाय बनत नाहीत. व्हिडिओवाले यातले निम्मेच सांगतात: क्लोरिनचे नाव घेतात आणि पाल्यापाचोळ्याला सोडून देतात. कुठल्या बाजूने ओझे कमी करायचे हे ठरवताना या निम्म्यावरच गाडी अडते.

आता हे द्रव्य भंडाऱ्यात किती, ते बघा. हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळात इथे कोहळी समाजाने पाळी घालून तलाव आणि बोड्या बांधल्या. गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला तरी उरलेल्या भंडाऱ्याचा नकाशा निळ्या ठिपक्यांनी भरलेला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' हे लाडके नाव त्यांना मिळाले. देखभाल मात्र मामाकडेही राहिली नाही आणि भाच्याकडेही आली नाही. गाळ साठत गेला. धानाला पाणी देणारा, मासळी पोसणारा, जनावरे डुंबणारा तलाव सेंद्रिय द्रव्याने भरलेलाच असणार. त्यात वाईट काही नाही, तलावाचा जीव त्यावरच जगतो. पण पिण्याची विहीर पाळीच्या खालच्या अंगाला असेल तर पाझरून येणाऱ्या पाण्याबरोबर त्यातला काही अंश विहिरीत उतरतो. माती गढूळपणा अडवते. विरघळलेला रंग सगळा अडवत नाही. म्हणून नितळ दिसणाऱ्या विहिरीच्या पाण्यातही क्लोरिन 'खाणारे' काहीतरी असू शकते. खोल बोअरच्या पाण्यात हे द्रव्य सहसा कमी असते. तुमसरकडे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींच्या पट्ट्यात, पाण्यात लोह-मॅंगनीज असले तर तेही क्लोरिन खाते आणि भांड्याला तपकिरी-काळा थर देते. तो त्रास निराळा, त्याचे प्रकरण निराळे.

नदीची कथा अधिक गुंतागुंतीची. भंडारा शहर वैनगंगेचे पाणी पिते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येते आणि कन्हान वैनगंगेला आंभोऱ्याला मिळते, जिथे मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' रचला असे मानतात. हा संगम शहराच्या खालच्या अंगाला आहे, पण पवनीजवळ गोसेखुर्दचे धरण झाल्यापासून पाणी मागे फुगते आणि वाहती नदी शहराजवळ संथ होते. जलकुंभी आणि दूषित पाण्याच्या तक्रारी भंडारेकर वर्षानुवर्षे करत आले आहेत. सांडपाणी म्हणजे सेंद्रिय द्रव्य तर आहेच, शिवाय अमोनिया. आणि अमोनिया आला की क्लोरिनचे सगळे गणित फिरते.

ते कसे, हे एका काचनळीत बघता येते. गावात क्लोरिन तपासायची जी ओटी टेस्ट आहे, तिच्यात नळीभर पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग आला की 'ओटी पॉझिटिव्ह' असे वहीत लिहितात. रंग पहिल्या दहा सेकंदांत उमटला तर तो मोकळ्या क्लोरिनचा. नळी कट्ट्यावर ठेवून, दोन गोष्टी बोलून, पंधरा-वीस मिनिटांनी बघितली तर त्यात बांधील क्लोरिनचा, म्हणजे अमोनियाशी जुळून बसलेल्या क्लोरामाइनचाही रंग मिसळलेला असतो. हा बांधील क्लोरिन जंतू मारण्यात बराच दुबळा. रंग एकच, वहीतला शेरा एकच, पण पहिल्या पाण्यात राखण आहे आणि दुसऱ्यात ती जेमतेम. गंमत पुढेच आहे: क्लोरामाइन ट्रायहॅलोमिथेन फारसे बनवत नाही. म्हणजे सांडपाण्याने बिघडलेले पाणी या एका कसोटीवर चांगले गुण मिळवू शकते! उपउत्पादन कमी म्हणजे पाणी उत्तम असा सरळ हिशेब मांडणाऱ्याने ही नळी डोळ्यांसमोर ठेवावी. आणि 'आज क्लोरिनचा फार वास येतो, जास्त टाकलं वाटते' ही तक्रारसुद्धा पुष्कळदा उलटी असते. तो झोंबरा वास बहुतेक वेळा क्लोरामाइनांचा असतो, म्हणजे पाण्यात घाण जास्त आणि क्लोरिन तिला पुरून उरलेला नाही.

नागपूरने भंडाऱ्याला सांडपाणी दिले तसे त्यावरचे शास्त्रही दिले, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. १९५८ मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ मध्ये, म्हणजे रूक यांच्याच वर्षी, तिचे नाव 'नीरी' झाले. गावातल्या विहिरीसाठी नीरीने केलेली दुहेरी मडक्याची युक्ती अजूनही बघण्यासारखी आहे. एकात एक बसणारी दोन मडकी. आतल्या मडक्याला काठाजवळ एक सेंटिमीटरचे भोक, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटर वर तेवढेच भोक. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाडी रेती किंचित ओलसर करून आतल्या मडक्यात भोकाच्या तीन सेंटिमीटर खालीपर्यंत भरायची, ते बाहेरच्यात ठेवायचे, तोंड प्लॅस्टिकने बांधायचे आणि दोरीने विहिरीत पाण्याच्या पातळीखाली किमान एक मीटर सोडायचे, म्हणजे बादली आदळणार नाही. साधारण ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि रोज ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या घरगुती विहिरीला हे दोन-तीन आठवडे पुरते. दोन मडकी का? एकाच मडक्यातून छोट्या विहिरीत क्लोरिन गरजेपेक्षा जास्त सुटायचा. जास्त सुटणे हा दोष आहे, तो आवरायला हवा, हे या मडक्यांच्या रचनेतच आहे. उपउत्पादनांचा शब्दही गावात पोचला नव्हता तेव्हा मात्रेचे भान तिथे होते.

हे भान घराघरांत मात्र सुटते. वीस लिटरच्या गुंडाला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचा तर एकूण ४० मिलिग्रॅम लागतो. ३३ टक्क्यांची ताजी पावडर असेल तर जेमतेम १२० मिलिग्रॅम, बोटांच्या चिमटीत नीट धरताही येणार नाही इतकी. चहाचा चमचाभर टाकली तर मात्रा पस्तीस-चाळीस पट होते. म्हणून पावडर विहिरीची आणि टाकीची; गुंडाला मेडिक्लोर या क्लोरिनच्या द्रावणाचे मोजलेले थेंब. पण मेडिक्लोरची बाटली भंडाऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली पडून राहिली तर तिचे बळ झपाट्याने जाते आणि द्रावणात क्लोरेट वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही मर्यादा ठरवली आहे, लिटरला ०.७ मिलिग्रॅम. बाटली काळोख्या, थंड जागी ठेवा आणि तारीख बघा, यापलीकडे यात काही नाही.

साठवणीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुस्तकांत पाणी प्रकल्पातून नळाला आले की प्रकरण संपते आणि आपल्याकडे तिथे ते सुरू होते. नळ एक दिवसाआड येतो. मग घरात घागर, गुंड, माठ, ड्रम, टाकी. या भांड्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. क्लोरिन कमी कमी होत असतो आणि उपउत्पादने वाढत असतात. क्लोरिन शिल्लक आहे आणि सेंद्रिय द्रव्य आहे तोवर ट्रायहॅलोमिथेन बनत राहते, तासन् तास, कधी दिवस-दोन दिवस. उन्हाने पाणी तापले की वेगाने, आम्लता कमी असली की आणखी. मोकळा क्लोरिन संपला की ते बनणे जवळपास थांबते. पण त्याच क्षणी पाण्याची राखणही संपते आणि मग बुडवलेला हात, उघडे झाकण, लहान मुलाचा पेला, काहीही पुरते. उपउत्पादन शून्य आणि राखण पूर्ण, असे साठवलेले पाणी मिळत नाही. मिळते ते असे: कमी सेंद्रिय द्रव्याचे पाणी, मोजून दिलेला क्लोरिन, लहान भांडे, चोवीस तासांत संपवणे, आणि ओगराळे किंवा तोटी.

भांडे कशाचे, याने बराच फरक पडतो. भंडारा ही पितळेची नगरी. पितळी गुंड लग्नात दिला जाई आणि पिढ्यांनी वापरला जाई. आता त्याची जागा प्लॅस्टिकने घेतली आहे. २००५ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातले रॉब रीड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी दाखवले की पितळी भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले ई-कोलाय जंतू ४८ तासांत सापडेनासे होतात. आजीच्या गुंडाला प्रशस्तिपत्र मिळाले म्हणून आनंद व्हावा, पण दोन अटी आहेत. ४८ तास आपण थांबत नाही. सकाळी भरलेले पाणी दुपारी पितो. दुसरे, तांबे क्लोरिनच्या द्रावणाचे विघटन जलद करते, त्यामुळे पितळेत क्लोरिन प्लॅस्टिकच्या डब्यातल्याइतका टिकत नाही. माठही क्लोरिन खातो, विशेषतः नवा. पण त्याच्या भिंतीतून आणि तोंडातून हवा खेळत असल्याने क्लोरोफॉर्मसारखी उडून जाणारी संयुगे थोडीफार निसटतात. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतो. म्हणून पाणी झाकण न ठेवता उकळले की तो बहुतेक निघून जातो. हॅलोअॅसेटिक आम्ले मात्र अशी उडत नाहीत, आणि पाणी आटले की त्यांतल्या काहींचे प्रमाण उलट वाढते. सगळ्यांत वाईट ठिकाण छतावरची काळी टाकी: उन्हात तापणारी, बुडाशी गाळ साचलेली, वर्षातून एकदाही न धुतलेली. तिथला गाळ दर वेळी येणाऱ्या क्लोरिनला नवे खाद्य पुरवतो.

आणि इथे आपल्याकडची जुनी रीत कामी येते. गुंडात तुरटी फिरवायची, तुरटी नसेल तर निवळीची बी उगाळायची, पाणी स्थिर ठेवायचे, वरचे निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचे. फडक्याने गाळून काडीकचरा अडतो, विरघळलेले द्रव्य अडत नाही. तुरटीने जो ढगासारखा साका धरतो त्याला मात्र या द्रव्याचा बराचसा भाग चिकटून बुडाशी बसतो. अमेरिकेने १९९८ मध्ये उपउत्पादनांचे नियम कडक केले, ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा ८० वर आणली, तेव्हा नदी-तलावांच्या पाण्यावर चालणाऱ्या पारंपरिक प्रकल्पांना हेच सांगितले: साका धरण्याची क्रिया वाढवा, सेंद्रिय द्रव्य आधी काढा. मोठ्या प्रकल्पांत शेवाळ मारायला कच्च्या पाण्यातच क्लोरिन सोडायची सवय असते. ती जागा बदलून निवळल्यानंतर क्लोरिन दिला तरी उपउत्पादने लक्षणीय घटतात. क्रम बदलायला पैसे फारसे लागत नाहीत. घरी होणारी चूक नेमकी क्रमाची आहे. तुरटी आणि मेडिक्लोर एकाच वेळी टाकले जाते, साका बुडाशी तसाच ठेवला जातो आणि क्लोरिन त्या साक्यावरच खर्च होतो.

धोका किती मोठा, याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा ०.३ आहे. जन्मभर रोज ते पाणी प्यायले जाईल असे धरून या मर्यादा काढलेल्या असतात. पश्चिम केनियात घरगुती क्लोरिन दिलेल्या गढूळ आणि नितळ पाण्यांची, मातीच्या आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांत साठवून, तपासणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकही नमुना जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेबाहेर गेला नाही. आपल्या परिस्थितीच्या जवळ जाणारा असा हा अभ्यास आहे. दुसऱ्या बाजूला, २०२० मध्ये युरोपातल्या एका अंदाजानुसार तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ टक्क्यांचा संबंध ट्रायहॅलोमिथेनशी जोडता येतो. तो अंदाज आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला 'संभाव्य कर्ककारक' गटात ठेवले आहे. क्लोरिनयुक्त पाण्याला मात्र पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरणाबाहेर.

मग क्लोरिन सोडायचा का? पेरूचे उदाहरण नेहमी दिले जाते. जानेवारी १९९१ मध्ये तिथे कॉलरा शिरला आणि वर्षभरात तीन लाखांहून जास्त रुग्ण झाले, सुमारे २,९०० माणसे दगावली. कर्करोगाच्या भीतीने तिथल्या अधिकाऱ्यांनी क्लोरिन थांबवला म्हणून हे घडले, अशी कथा तेव्हा जगभर पसरली. पुढच्या संशोधकांनी ती खोडून काढली: खरे कारण मोडकळीला आलेली पाणीव्यवस्था, अपुरा क्लोरिन आणि गरिबी हे होते. क्लोरिनच्या बाजूने बोलणारे आजही ही अर्धी कथा सांगतात, म्हणजे व्हिडिओवाल्यांसारखेच. तिच्यावाचूनही मुद्दा पक्का आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा महापूर भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरला. अशा पुरानंतर विहिरी बुडालेल्या असतात, तेव्हा उपउत्पादनांची चिंता करत बसणे म्हणजे जुलाबाच्या रुग्णाला म्हातारपणाचा सल्ला देणे. तेव्हा मात्रा वाढवायचीच. जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे स्पष्ट आहे: उपउत्पादने आवरण्याच्या प्रयत्नात निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नये. पण पूर ओसरून वर्ष लोटले तरी तीच वाढीव मात्रा 'असू द्या, बरं असते' म्हणून चालू ठेवणे यालाही शास्त्राचा आधार नाही.

एक उणीव इथेच सांगून ठेवतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीचे संच दिले गेले आणि त्या तपासणी करतातही. पण त्या संचात उरलेला क्लोरिन कळतो, ट्रायहॅलोमिथेन कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि नमुना हवाबंद, क्लोरिन मारून, थंड ठेवून न्यावा लागतो. म्हणून या पुस्तिकेत घरी मोजता येणाऱ्या तीनच गोष्टींवर भर दिला आहे: पाण्याचा रंग, दहा सेकंदांतला क्लोरिन आणि किती तासांत तो संपतो. पाणी जेवढ्या लवकर क्लोरिन खाते तेवढे त्यात खाणारे द्रव्य जास्त, हा अंदाज पुष्कळ काम भागवतो. तलावाकाठच्या आणि नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या योजनांचे नमुने मात्र पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ट्रायहॅलोमिथेनसाठी प्रयोगशाळेत गेले पाहिजेत, ही मागणी ग्रामसभेने लेखी करावी. ठरावाचा मसुदा शेवटच्या पानांवर आहे. जलसुरक्षकांनी विहिरीचे घनफळ काढायचे कोष्टक आधी बघावे. घरच्या माणसांना ते कोष्टक लागणार नाही, त्यांनी गुंड आणि तुरटीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल.